उघडायला अर्धा सेकंद

चाकू आला तेव्हा त्याचं पार्सल मी मोटरसायकलच्या किल्लीने फोडलं. दुकानात कात्री होती, पण ती नेहमीसारखी सापडली नाही. खोक्यावरची टेप किल्लीने फाडत होतो आणि आपल्याला चाकूची गरज कशी आहे हे मनाला पुन्हा पटत होतं.

मी राजुऱ्यात एका कृषी केंद्रात काम करतो. बियाणं, खत, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या, रानडुकरांसाठी झटका मशीन. गाव विरूरच्या रस्त्याला, जरा आत. सकाळी राजुऱ्याला यायचं, रात्री दुकान बंद करून परत जायचं. मधला बराचसा रस्ता जंगलातला आहे. तो रस्ता या गोष्टीत पुढे येणार आहे.

चाकूचं वेड मोबाइलमधून आलं. 'एव्हरीडे कॅरी' नावाचा एक प्रकार असतो, तुम्हीही पाहिला असेल. माणसं टेबलावर रोज खिशात ठेवायच्या वस्तू मांडतात: पेन, टॉर्च, पाकीट, किल्ल्या आणि एक घडीचा चाकू. मग चाकू हातात घेतात, बोटाने जरासा रेटा देतात आणि पातं आपोआप बाहेर उडतं. टक्. हा 'टक्' मी रात्री अंथरुणात पडून किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही. २०२४च्या पोळ्याच्या आठवड्यात शेवटी मागवलाच. अठराशे पन्नास रुपये. पातं ८ सेंटीमीटर, काळी मूठ, खिशाला अडकवायची क्लिप. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, याच बनावटीचे चाकू बाजारात डझनभर नावांनी मिळतात.

घरी नेऊन सगळ्यांना दाखवला. टक्. आई म्हणाली, "याच्यानं भेंडी कापून दाखव." बाबा म्हणाले, "केवढ्याचा?" मी पाचशे सांगितले. आबाजी खाटेवर बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसतं पाहिलं आणि विचारलं, "बंद कसा होते?"

"होते ना," मी म्हणालो. "बंद करता येते."

तेव्हा लक्षात आलं नाही, पण मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत चाकू बंद करताना दाखवला नव्हता. उघडल्यावर कॅमेरा कापला जायचा, आणि पुढच्या दृश्यात तो पुन्हा मिटलेला असायचा.

हा चाकू चालतो कसा, ते आधी सांगतो. मुठीच्या आत एक वाकडी तार असते, जाड टाचणीएवढी. तिचं एक टोक मुठीत अडकलेलं, दुसरं पात्यात. पातं मिटलेलं असताना ही तार त्याला आतच दाबून धरते. मागच्या बाजूला पात्याचाच एक छोटा कान बाहेर आलेला असतो. तो तर्जनीने दाबला की पातं थोडं वर येतं. साधारण तीस अंशांपर्यंत ते तुमच्या जोरावर येतं. त्यापुढे तारेचा ताण बाजू बदलतो. इतका वेळ जी आत खेचत होती तीच आता बाहेर ढकलते. पातं पूर्ण उघडलं की मुठीतली एक पातळ पट्टी सरकून त्याच्या बुडाशी अडते. झालं कुलूप. हे सगळं अर्ध्या सेकंदात.

ही युक्ती १९९०च्या दशकाच्या शेवटी हवाईमधल्या केन अनियन या कारागिराने प्रसिद्ध केली. तिच्यामागे कायद्याचीही एक गोष्ट आहे. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंवर अमेरिकेत १९५८ साली केंद्रीय कायदा आला, कारण सिनेमा आणि वर्तमानपत्रांतून हा चाकू म्हणजे गुंडाचं हत्यार अशी प्रतिमा झाली होती. नव्या चाकूला बटण नव्हतं. सुरुवात माणसाच्या बोटाने, शेवट तारेने. म्हणून हा 'तो' चाकू नाही, असा युक्तिवाद झाला, आणि २००९ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा चाकूंना सूट मिळाली. म्हणजे माझ्या खिशातल्या वस्तूचा जन्म जितका कामासाठी झाला, तितकाच कायद्यातल्या फटीतून.

आपल्याकडे असा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. १९६५च्या 'वक्त'मध्ये राजकुमारच्या हातात चाकू येतो तो प्रसंग अजूनही लोक रील्समध्ये फिरवतात. कायद्यालाही तो आठवतो. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याखाली येतात, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. या मापात माझा चाकू पोरगा आहे. पण दिल्लीत १९८०ची एक अधिसूचना आहे. तिच्यात कमानीचे, बटणाचे, गरारीचे चाकू वेगळे काढलेत आणि त्यांच्यासाठी लांबीची मर्यादा आहे ७.६२ सेंटीमीटर. तिथे माझा चाकू चार मिलिमीटरने मोठा भरतो. तिथे तो खिशात घालून फिरणं म्हणजे आपण होऊन निमित्त देणं. आणि महाराष्ट्रात पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी त्याखाली आदेश निघतो, तेव्हा तलवार, भाला, सुरी, काठी यांतलं काहीही घेऊन फिरायला बंदी असते. या यादीत काठी आणि सुरी शेजारीशेजारी आहेत हे मला नंतर वाचून कळलं.

कळलं ते असं. नोव्हेंबर २०२४, विधानसभेची निवडणूक तोंडावर. संध्याकाळी एका ठिकाणी नाकाबंदी होती. गाडीची डिकी पाहिली, पिशवी पाहिली, मग खिशाबाहेर आलेली क्लिप दिसली. शिपायाने चाकू काढला, कान दाबला. टक्. दुसऱ्याला दाखवला. त्यानेही एकदा केला. दोघांनाही आवडला हे स्पष्ट दिसत होतं.

"कायले लागते हे?"

"दुकानात सुतळी कापायला."

"मंग दुकानातच ठेव ना."

एवढंच बोलून परत दिला. रागावला नाही, नाव लिहून घेतलं नाही. पण पुढचे दोन किलोमीटर मी उत्तर शोधत होतो. दुकानातच का ठेवत नाही मी?

आता कामाचं बोलू, कारण चाकूचा खरा हिशेब तिथे होतो. एका सोमवारी मी मोजलं. दिवसभरात त्रेचाळीस वेळा काही ना काही कापलं. खोक्यांची टेप, सुतळी, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी, वायरचं आवरण, मल्चिंगची पन्नी, फवारणी पंपाचा पाइप, दुपारी एक पेरू. यातल्या एकाही वेळी पातं अर्ध्या सेकंदात उघडण्याने काही वाचलं नाही. नळी पळून जात नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर बोलत उभं असतं. उलट खताच्या गोणीला चाकू लावणं हा अडाणीपणा, हे दुकानातल्या जुन्या हमालानेच शिकवलं. गोणीच्या तोंडाच्या शिवणीचं बरोबर टोक शोधून ओढलं की पूर्ण शिवण सर्रकन उसवते. चाकू लावला तर गोणीही फाटते आणि तिचा पुढचा उपयोगही जातो.

पातं चांगलं निघालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच्यावर '८सीआर१३एमओव्ही' असं कोरलेलं आहे. चिनी पोलाद, कार्बन साधारण ०.८ टक्के, क्रोमियम १३ टक्के. म्हणून ते सहजी गंजत नाही. पेरूच्या रसाचा डागही राहिला नाही. पुठ्ठा मात्र धार खातो. रोज खोकी कापली तर दहा-बारा दिवसांत धार बोथट होते, आणि दगडावर पाच मिनिटं घासली की परत येते. इतक्या किमतीत याहून जास्त मागू नये.

खरी अडचण धुळीची. राजुऱ्याच्या एका अंगाला कोळशाच्या खाणी आहेत, दुसऱ्या अंगाला गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. धुळीचा रंग गावागणिक बदलतो, पण ती सगळीकडे असते, खिशातही. त्यात सोयाबीनचा भुसा आणि कापसाचे तंतू. दोन महिन्यांत तार अडखळायला लागली. पातं अर्ध्यावर येऊन थांबायचं. साध्या चाकूत अशी धूळ गेली तर उघडायला थोडा जोर लागतो, बस. इथे मात्र सगळी अक्कल त्या एका तारेत असते, आणि तार रुसली की चाकू ना धड हाताचा, ना धड कमानीचा.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. एकदा युरियाची ४५ किलोची गोणी उचलायला वाकलो आणि मांडीचा दाब त्या कानावर आला. खिशातल्या खिशात पातं सुटलं. जाड जीन्स होती म्हणून कापडावर निभावलं. कान बाहेर असलेला चाकू घेणार असाल तर त्याला मिटलेल्या अवस्थेत अडवून धरणारा वेगळा खटका आहे की नाही ते आधी पाहा. माझ्या चाकूला नव्हता.

आबाजींचा इळा मात्र चाळीस वर्षं घरात आहे. गावच्या लोहाराने ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यापासून बनवलेला. आमच्याकडे इतके ट्रक चालतात की तुटलेल्या पाट्यांना तोटा नाही, आणि लोहारालाही तेच लोखंड आवडतं. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, थोडी लवचीकता, घाव सोसायची सवय. गंजतो, पण आबाजी वापरून झाल्यावर पुसून त्याला तेलाचं बोट लावतात. तोही एका अर्थाने स्प्रिंगचाच. फरक एवढाच की त्यात स्प्रिंग पात्यामागे लपलेली नाही, स्प्रिंगचंच पातं झालंय.

इतकं सगळं कळत असूनही मी तो चाकू दुकानात ठेवला नाही. रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर जंगलातून घरी यायचा. शिपायाला मी जे उत्तर दिलं ते अर्धंच होतं.

२०१९ आणि २०२० ही वर्षं आमच्या भागातल्या माणसांना विसरता येत नाहीत. राजुरा आणि विरूर या वनपरिक्षेत्रांत एका वाघाने एकामागून एक माणसं मारली. वनखात्याच्या कागदावर त्याचं नाव आरटी-१. शेतात गेलेली, गुरांमागे गेलेली, सरपणाला गेलेली माणसं. ऑक्टोबर २०२०मध्ये तो पकडला गेला, पण भीती त्याच्याबरोबर पिंजऱ्यात गेली नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. अंधार पडायच्या आत घरी ये, हे वाक्य आई अजूनही त्याच आवाजात म्हणते. वाघासमोर तीन इंचांचं पातं काय करणार, हे मलाही कळतं. पण भीतीला हिशेब येत नाही. तिला हातात काहीतरी हवं असतं, आणि ते लगेच हवं असतं. तो 'टक्' मी कामासाठी विकत घेतला नव्हता.

डिसेंबरमध्ये एका रात्री, नऊच्या सुमारास, जंगलाच्या मधोमध गाडीची चेन उतरली. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला शेतांच्या कडा. मोबाइलची टॉर्च लावून खाली बसलो होतो आणि मागून सागाच्या वाळल्या पानांवर पावलं वाजली. जड, सावकाश. मी उभा राहिलो. कधी खिशात हात गेला कळलं नाही. टक्.

कुपाटीमागून माणूस आला. साठीचा असेल. डोक्याला दुपट्टा, अंगावर चादर, खांद्यावर कुऱ्हाड, हातात बॅटरी. जागलीला निघाला होता, पिकात डुकरं पडतात म्हणून. त्याने बॅटरी माझ्या तोंडावर मारली, मग हातावर, आणि उजेड तिथेच थांबला.

तो एक पाऊल मागे गेला.

मला आजही ते पाऊल दिसतं. त्याच्या खांद्यावर दोन हात लांब दांड्याची कुऱ्हाड होती आणि तो माझ्या हातातल्या बोटभर पात्याला घाबरला होता. कुऱ्हाड त्याने खाली घेतली नाही. उलट रिकामा हात जरा वर केला, गुरांना शांत करायला करतात तसा.

"थो चाकू आत घाल ना बापा," तो म्हणाला.

मी घालायला गेलो. आबाजींनी विचारलेलं ते इथे आलं. हा चाकू बंद करायचा तर अंगठ्याने आतली पट्टी बाजूला दाबून धरायची, मग पातं तारेच्या ताणाविरुद्ध ढकलायचं, आणि पट्टी सुटली की अंगठा पात्याच्या वाटेतून काढायचा. उजेडात, शांतपणे, हे दोन-तीन सेकंदांचं काम आहे. माझे हात कापत होते. पातं अर्ध्याच्या पुढे गेलं, आणि शेवटच्या तीस अंशांत तारेने पुन्हा बाजू बदलली. तिने ते आत खेचून घेतलं. माझी तर्जनी मध्ये होती.

रक्त बरंच आलं. त्या माणसाने कुऱ्हाड झाडाला टेकवली, जवळ आला, दुपट्ट्याची कडा फाडली आणि बोट करकचून बांधलं. "कोनाचा तू?" मी आबाजींचं नाव सांगितलं. तो हसला नाही, पण त्याच्या आवाजातला ताण उतरला. "अरे, मी वरखतो त्यायले." मग त्याने बॅटरी धरली, मी एका हाताने चेन बसवली. गाडी सुरू होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. जाताना म्हणाला, "मले वाटलं, लुटारू हाये."

घरी बोटाबद्दल खोटं बोललो. चेनमध्ये आलं म्हणालो. आबाजींनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे, आणि काही विचारलं नाही.

नंतर पुष्कळ दिवस मी या एका गोष्टीपाशी अडलो. त्याच्या कुऱ्हाडीला मी का घाबरलो नाही? कारण कुऱ्हाड खांद्यावर असते तेव्हा ती कुठे निघालीय ते दिसतं. लाकडाला, कुपाटीला, जागलीला. आमच्या भागात अर्धी माणसं असं काही ना काही घेऊन चालतात आणि कुणी कुणाला घाबरत नाही. माझा चाकू लपलेला होता, आणि बाहेर येताना कामाचा वाटत नव्हता. सुतळी कापायला निघालेला माणूस आवाज करत नाही. तो 'टक्' समोरच्यासाठी असतो. मी घाबरलो होतो हे खरं, पण त्या रस्त्यावर भीती पसरवणारा त्या रात्री मीच होतो.

पुढच्या रविवारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. चाकूचे स्क्रू चांदणीच्या तोंडाचे असतात, आणि मोबाइलवाल्यांकडे त्याचे पेचकस असतात. मित्राने मूठ उघडली. आत काळी-करडी पेस्ट झाली होती, कोळसा, सिमेंट, तेल, कापूस. ती पुसली आणि वाकडी तार चिमट्याने बाहेर काढली. एवढीशी. तळहातावर ठेवली तर वजनही लागत नाही.

तुम्हाला असं करायचं असेल तर एक पाहून घ्या. काही चाकूंत पातं मिटलेलं ठेवायचं काम ही तारच करते. ती काढली तर पातं खिशात सैल लोंबेल, आणि ते जास्त धोक्याचं. माझ्या चाकूत पट्टीवर एक बारीक पोलादी गोळी आहे, ती पात्याच्या खाचेत बसते आणि त्याला धरून ठेवते. म्हणून निभावलं. नसेल तर तारेला हात लावू नका. मुळात नवा घेणार असाल तर साधा घ्या, दोन हातांनी उघडणारा. फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेलने १८९०मध्ये लाकडी मुठीचा, शेतकऱ्याच्या खिशातला चाकू बनवायला घेतला. १९५५मध्ये त्याला पातं अडवणारी एक फिरती कडी जोडली गेली, आणि तो आजही जवळपास तसाच विकला जातो. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्याला कमानीची गरज पडली नाही.

तर माझा हिशेब असा. पातं: चांगलं. मूठ: ठीक. क्लिप: घट्ट, पण पँटचा खिसा झिजवते. उघडणं: गरजेपेक्षा वेगवान. बंद होणं: नापास. चाकू घेताना आबाजींचा प्रश्न आधी विचारा. तो बंद कसा होतो? थंडीत, अंधारात, हात कापत असताना, समोर घाबरलेला माणूस उभा असताना?

फेब्रुवारीत तो माणूस दुकानात आला. मला त्याने लगेच ओळखलं नाही. झटका मशीनसाठी वायर हवी होती, पन्नास मीटर. मी वायर मोजली, चाकू काढला, डाव्या हाताने मूठ धरली आणि उजव्याच्या चिमटीत पातं पकडून सावकाश उघडलं. तो पाहत होता.

"थोच का हा?"

"थोच."

"आवाज नाही केला त्यानं."

"काढून टाकला."

त्याने हात पुढे केला. मी पातं माझ्याकडे आणि मूठ त्याच्याकडे करून दिला. त्याने अंगठ्याच्या नखावर धार लावून पाहिली, मान हलवली, आणि स्वतःच दोन्ही हातांनी नीट मिटून परत दिला.

"धार बरी हाये," तो म्हणाला. "वायरीचे किती झाले?"